चहाला थांबलेली गाडी

पुण्याहून सलग आलेली गाडी टेंभुर्णीत चहाला थांबते आणि निघताना सेल्फ उचलत नाही. पंढरपूरला निघालेली मंडळी असतात, मागच्या सीटवर म्हातारी माणसं असतात. हायवेकडेला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान, त्यामुळे उन्हाळ्यात असं बोलावणं हमखास येतं. मी पोचेपर्यंत कुणीतरी सांगून मोकळा झालेला असतो, ‘स्टार्टर गेला, नवा घाला.’

मी आधी चावी फिरवायला लावतो आणि ऐकतो. भराभर टिकटिक झाली, तर बॅटरीत दम नाही. सोलेनॉइड, म्हणजे मोटारीला करंट जोडणारा स्विच, ओढला जातो, मोटार करंट खेचते, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो. हेच पुन्हा पुन्हा. एकच दणकट ‘टक्’ होऊन सगळं थांबलं आणि बॅटरी, वायरी ठीक असल्या, तर सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात किंवा मोटारीचे कार्बन झिजलेले. मोटार नुसतीच गरगरली, तर बेंडिक्स, म्हणजे मोटारीला इंजिनशी जोडणारं दातेरी चाक, सटकतंय. काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, रिले, चावीचा किंवा क्लचचा स्विच बघायचा.

मग मल्टिमीटर. भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेली, तर बॅटरीचाच विचार करावा. टर्मिनलवरची पांढरी पावडर गरम पाण्याने धुऊन, घासून आवळली की कितीतरी गाड्या तिथेच चालू होतात. अर्थिंगची पट्टी मात्र कुणी बघत नाही! मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावायची. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टहून जास्त आलं, तर दोष त्या वाटेत आहे. स्टार्टर बदलून पैसे वाया जातील.

सकाळी गाडी झटकन चालू होते आणि लांबच्या प्रवासानंतरच अडते, याला कारण उष्णता. बऱ्याच गाड्यांत स्टार्टर सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाजवळ असतो. तांब्याची गुंडाळी तापली की तिचा रोध वाढतो, सोलेनॉइडची ओढ कमी पडते. त्यात बुश झिजलेले असले, तर मोटारीचा फिरणारा भाग, म्हणजे आर्मेचर, घासतं. अशा गाडीला अर्धा तास सावलीत थांबवलं, तर बहुधा ती उचलते. पण दुरुस्तीचं काम घरी पोचल्यावर करायचंच.

गाडी चालू करताना हँडल उलटून हात मोडायचे, त्या काळात चार्ल्स केटरिंगने 1911 मध्ये विजेचा सेल्फ तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. त्याने ओळखलं, की मोटारीला काही क्षणच जोर लावायचा आहे. म्हणून लहान मोटारीला भरपूर करंट दिला तरी चालतो. आजच्या कारची ही मोटारही शंभर-दोनशे अँपिअर सहज ओढते. म्हणूनच दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, आणि मध्ये मिनिटभर थांबावं. चिडून चावी धरून ठेवणाऱ्यांनी चांगल्या मोटारी जाळलेल्या मी पाहिल्यात.

कार्बन अडकला असेल, तर पान्याच्या दांड्याने हलकेच ठोकल्यावर मोटार फिरते. तेवढ्यावर गावी जाता येतं. स्टार्टर खोलायचा झाला, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. कार्बन आणि बुश बदलून भागत असेल, तर अख्खा स्टार्टर टाकू नका. आणि काढलेले कार्बन मिस्त्रीकडून मागून घ्या. किती झिजलेत, ते नव्याशेजारी धरून बघा.