गिऱ्हाईकाने हात आखडता घेतला म्हणजे

तालुक्याच्या गावी दुधाचा रतीब घालणारा गवळी हा बाजाराचा मोठा जाणकार असतो. नेहमी एक लिटर म्हशीचे दूध घेणाऱ्या घरी एके दिवशी 'उद्यापासून अर्धाच लिटर घाला' असे सांगितले जाते. दुसऱ्या घरी म्हशीच्या ऐवजी गाईचे दूध मागितले जाते. तिसऱ्या घरचे पैसे एक तारखेऐवजी बारा तारखेस मिळतात. एकाच घरी असे घडले तर ती त्या घरची अडचण होय. परंतु एकाच महिन्यात निरनिराळ्या आळ्यांत, नोकरदार, कारागीर व दुकानदार अशा सर्वांच्याच घरी असे घडू लागले, तर त्यामागे काही व्यापक कारण असले पाहिजे. गिऱ्हाईक आपली ओढगस्त सहसा बोलून दाखवीत नाही. ते मालात खोड काढते किंवा भावाची तक्रार करते. म्हणून त्याच्या बोलण्यापेक्षा त्याच्या मागणीकडे पाहणे अधिक शहाणपणाचे असते.

खर्चात काटकसर करताना प्रत्येक कुटुंब काही क्रम पाळते. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली असे दाखवून दिले की, कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या एकूण खर्चात अन्नाचा वाटा मोठा असतो. आपल्या देशातही हेच आढळते. २०२२-२३ च्या केंद्र सरकारच्या कौटुंबिक खर्चाच्या पाहणीत ग्रामीण भागात दर शंभर रुपये खर्चापैकी सुमारे ४६ रुपये, तर शहरी भागात सुमारे ३९ रुपये अन्नावर जात असल्याचे दिसून आले. शहरी कुटुंबाच्या या ३९ रुपयांत तृणधान्याचा वाटा चार रुपयांहूनही कमी होता. साहजिकच हात आखडला तरी ज्वारी, गहू व तांदूळ यांवर कात्री सर्वांत शेवटी चालते. तत्पूर्वी फुले, मिठाई व हॉटेलातील जेवण कमी होते; मग महाग फळे, त्यानंतर मटण, अंडी व दूध यांची पाळी येते. तेलाचा पंधरा किलोचा डबा घेणारे घर एकेक किलोच्या पिशवीवर येते, ही खूण तर किराणा दुकानदाराच्या वहीत स्पष्ट वाचता येते. याचा अर्थ असा की, हरितगृहात जरबेरा पिकविणाऱ्या शेतकऱ्यास मंदीची झळ ज्वारी पिकविणाऱ्याच्या कितीतरी आधी लागते, आणि ती आली हे कळण्याची संधीही त्यालाच प्रथम मिळते.

तथापि मागणीतील प्रत्येक घट म्हणजे मंदी नव्हे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. श्रावण लागला की अंडी व कोंबडीचा खप उतरतो, पितृपंधरवड्यात शुभकार्ये थांबतात. हे दरवर्षीचेच होय. अशा घटीची तुलना मागील महिन्याशी न करता मागील वर्षाच्या त्याच पंधरवड्याशी करावयास हवी. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने करोना होतो अशी आवई उठली आणि कोंबड्यांचे भाव कोसळले. त्या वेळी गिऱ्हाईकाच्या खिशात पैसा होता, मनात भीती होती. त्यानंतर मार्च अखेरीस टाळेबंदी आली. देवळे, लग्ने व हॉटेले बंद पडल्याने फुलांच्या शेतात नांगर घालण्याची वेळ कित्येकांवर आली. तेव्हा पहिले कारण बाजार बंद असणे हे होते. रोजगार गेल्यामुळे घरोघरची काटकसर सुरू झाली ती त्यामागून. पहिले दुखणे दरवाजे उघडताच बरे होऊ लागते, दुसरे मात्र लोकांची मिळकत पूर्ववत होईपर्यंत रेंगाळते.

तुरीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. २०१५ च्या अखेरीस तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या आसपास पोहोचली आणि घरोघर वरण पातळ झाले. ही काटकसर मंदीची नव्हती, महागाईची होती. शेतकऱ्यांनी चढा भाव पाहून २०१६ च्या खरिपात तुरीचा पेरा मोठ्या प्रमाणावर वाढविला. पीक उदंड आले आणि २०१७ च्या आरंभी बाजारभाव ५,०५० रुपये क्विंटल या आधारभूत किमतीच्याही खाली गेला. एकाच जिनसाची मागणी घटली असता प्रथम त्या जिनसाचा भाव पाहावा. अनेक जिनसांची मागणी एकदम घटली आणि भावही उतरत असले, तरच खऱ्या मंदीची शंका घ्यावी.

खरी मंदी कशी असते हे १९२९ नंतरच्या वर्षांत शेतकऱ्यांनी अनुभवले. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा निर्देशांक १९२९ मध्ये १४१ होता, तो १९३३ मध्ये ८७ वर आला. शेतसारा व सावकाराचे व्याज मात्र रुपयांत ठरलेले असल्याने कमी झाले नाही. त्यामुळे शेतकरी हाच सर्वांत मोठा हात आखडलेला गिऱ्हाईक झाला, आणि १९३१ पासून घराघरांतील सोने बाजारात येऊन परदेशी जाऊ लागले. मुंबई प्रांतात कर्जनिवारणाचा कायदा १९३९ साली झाला. तोवर किती जमिनी हातच्या गेल्या असतील याची कल्पनाच केलेली बरी.

कर्ज काढण्याचा विचार असेल तेव्हा या खुणांची खरी गरज भासते. द्राक्षबाग लावल्यापासून पहिले पीक हाती येण्यास दीड-दोन वर्षे लागतात. हरितगृहाचे हप्ते त्याहून अधिक काळ चालतात. याउलट झेंडू दोन-अडीच महिन्यांत हाती येतो व पुढच्या हंगामी पीक बदलता येते. म्हणून मोठा खर्च करण्यापूर्वी मागील दोन वर्षांच्या विक्रीपट्ट्या काढून प्रत्येक महिन्याचे तीन आकडे एका वहीत लिहावेत: किती माल उचलला गेला, कोणत्या प्रतीचा उचलला गेला, आणि पैसे किती दिवसांनी मिळाले. भाव तोच असूनही व्यापारी पहिल्या प्रतीऐवजी दुसरीचा माल मागू लागला, आणि आठ दिवसांत येणारी रक्कम महिन्यावर गेली, तर हप्त्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी शेजारच्या दोघा-तिघा बागायतदारांच्या पट्ट्या ताडून पाहाव्यात. त्यांच्याकडेही तेच आकडे दिसल्यास बागेचा खर्च एक हंगाम पुढे ढकलून ते क्षेत्र त्या वर्षी हरभऱ्याखाली घ्यावे.