'इत्यादी'तली शिस्त

शाळेच्या संगणक कक्षात लिनक्सवर चालणारे यंत्र असेल, तर त्यात 'ईटीसी' या तीन अक्षरांची एक डिरेक्टरी सापडेल. यंत्राचे नाव काय, वापरकर्ते कोण, सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या, ही माहिती तिथल्या फायलींत असते.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत झाला. तेव्हा जे इतरत्र बसत नसे ते 'इत्यादी' म्हणून या डिरेक्टरीत जाई. त्यात काही प्रोग्रॅमसुद्धा असत. पुढे तिचे काम नेमके ठरले. लिनक्समधल्या मांडणीचे पहिले प्रमाण १९९४ साली निघाले. आजच्या प्रमाणानुसार इथे त्या यंत्रापुरत्या सेटिंग ठेवायच्या, यंत्रभाषेतले प्रोग्रॅम नाहीत.

यांतल्या बहुतेक फायली साध्या मजकुराच्या असतात. वापरकर्त्यांच्या यादीत प्रत्येकाची एक ओळ आणि अपूर्णविरामांनी वेगळे केलेले सात रकाने, एवढाच मामला. कोणीही वाचावे, दोन प्रती ताडून पाहाव्यात.

मग अडचण कुठे येते? एकाच फायलीत दोघे लिहितात तेव्हा. एक प्रणाली तयार करणारा, दुसरे आपण. काही वर्षांपूर्वी मी आमच्या एका यंत्रावर दुरून केवळ पासवर्डने प्रवेश मिळू नये, अशी सेटिंग मूळ फायलीतच केली होती. नवी आवृत्ती बसवताना प्रश्न आला : तुमची फाइल ठेवू, की नवी घेऊ? घाईत मी 'नवी' म्हटले. माझा बदल पुसला गेला आणि बंद केलेले दार पुन्हा उघडे झाले. ते लक्षात यायला तीन दिवस लागले.

शाळेची छापील नियमावली आठवून पाहा. नियम बदलला तर आपण छापील पानावर खाडाखोड करत नाही, पुरवणी जोडतो. नवी नियमावली आली तरी पुरवणी हाती राहते. संगणकातही हीच युक्ती आहे. अनेक सेवांच्या मूळ फायलीशेजारी, नावाच्या शेवटी टिंब आणि 'डी' असलेली डिरेक्टरी असते. आपले बदल तिच्यात, छोट्या स्वतंत्र फायलींत ठेवायचे. मूळ फाइल खुशाल बदलू द्या.

या फायली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात, म्हणून नावाआधी १०, ५०, ९० असे आकडे घालतात. दोन पुरवण्यांत विरोध असेल तर काय? इथे सावध राहावे. प्रणालीच्या गाभ्याच्या सेटिंगमध्ये शेवटी वाचलेली ओळ लागू होते. दुरून प्रवेश देणाऱ्या 'एसएसएच' सेवेत मात्र आधी वाचलेली ओळ टिकते. तेव्हा तिथे ९० आकड्याची फाइल १० वाल्या फायलीला हटवू शकत नाही. प्रत्येक सेवेचा नियम तिच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच लिहावे.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही डिरेक्टरी नुसती वाचायला द्यावी. सामान्य वापरकर्त्याला तिथे लिहिता येत नाही, त्यामुळे धोका नाही. शेवटी 'डी' असलेल्या डिरेक्टरी किती, हे त्यांनी मोजावे. आणि आपण स्वतः बदल कराल, तेव्हा पुरवणीच्या पहिल्या ओळीत तारीख आणि कारण लिहा. ओळीच्या आरंभी '#' हे चिन्ह घातले, की बहुतेक सेवा ती ओळ सोडून देतात. ती असते आपल्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी.