मोबाइल अ‍ॅपमधील यादी : स्पर्श आणि निवड यांची हाताळणी

प्रस्तावना : संपर्क, संदेश, बँकेचे व्यवहार अशी बरीचशी माहिती मोबाइलवर यादीच्या स्वरूपात दिसते. यादीतील नोंदीस स्पर्श करणे ही वापरकर्त्याच्या दृष्टीने साधी कृती असली, तरी तो स्पर्श कोणत्या नोंदीस झाला हे ठरविण्यात चूक झाल्यास भलताच संदेश नष्ट होऊ शकतो. प्रस्तुत लेखात अँड्रॉइड प्रणालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्पर्शाचे प्रकार : बोट टेकवून जवळपास त्याच जागी उचलले, तर तो साधा स्पर्श ठरतो, ठरावीक अंतराहून अधिक सरकले, तर यादी सरकते, आणि काही क्षण दाबून धरले, तर तो दीर्घ स्पर्श मानला जातो. सामान्यतः साध्या स्पर्शाने नोंद उघडते, तर दीर्घ स्पर्शाने अनेक नोंदी निवडण्यास प्रारंभ होतो.

ओळींचा पुनर्वापर : यादीत हजार नोंदी असल्या, तरी पडद्यावर एका वेळी मोजक्याच ओळी मावतात. म्हणून वर सरकून दिसेनाशी झालेली ओळ खाली येणाऱ्या नोंदीसाठी पुन्हा वापरली जाते. २०१४ मध्ये आलेल्या ‘रिसायकलरव्ह्यू’चे नावच यावरून पडले आहे. पूर्वीच्या ‘लिस्टव्ह्यू’मध्ये नोंदीवरील स्पर्शाची सूचना देणारी तयार सोय होती, रिसायकलरव्ह्यूमध्ये ती प्रोग्रामरला स्वतः जोडावी लागते.

दोष आणि उपाय : निवडीची खूण ओळीवरच ठेवल्यास पुनर्वापरानंतर ती दुसऱ्याच नोंदीवर दिसते. केवळ अनुक्रम लक्षात ठेवूनही धोका टळत नाही. तिसरा संदेश निवडल्यावर वर नवा संदेश आला, तर निवडलेला संदेश चौथा होतो. ‘हटवा’ ही आज्ञा मात्र आता तिसऱ्या झालेल्या, न निवडलेल्या संदेशावर चालते. यास्तव प्रत्येक नोंदीस न बदलणारा ओळखक्रमांक द्यावा आणि निवडलेल्या क्रमांकांचा संच ओळींपासून स्वतंत्र ठेवावा. ओळ नव्याने भरताना या संचानुसार खूण दाखवावी, तसेच आवश्यक तेथे ती आठवणीने पुसावी. ओळीचे स्थान स्पर्शाच्या क्षणीच विचारावे. नोंद नुकतीच काढली गेली असल्यास ‘उणे १’ हे उत्तर मिळते, अशा वेळी तो स्पर्श दुर्लक्षित करावा.

निष्कर्ष : ओळ ही केवळ दर्शनाचे साधन आहे, निवड ही नोंदीची असते. हा भेद पाळला, तरच वापरकर्त्याने ज्यावर बोट ठेवले त्याच नोंदीवर कार्यवाही होईल, याची खात्री देता येते.