महाबळेश्वरला जाताय? कृष्णामाईच्या उगमावर कचरा नको

महाबळेश्वरला गेलेले बरेच जण पॉइंट बघून, स्ट्रॉबेरी घेऊन परततात. जुनी मंदिरं मात्र बाजारपेठेपासून साधारण सहा किलोमीटरवर, क्षेत्र महाबळेश्वरला आहेत. इथल्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. पाणी गोमुखातून कुंडात पडतं. शेजारीच महाबळेश्वराचं देऊळ, तर थोडं पुढे काळ्या दगडातलं कृष्णाबाई मंदिर. पावसाळ्यात दगड शेवाळानं निसरडे होतात, तेव्हा जपून चाला. सावित्री कोकणात उतरते. कृष्णा मात्र वाई, कराड, सांगलीकडे येते. म्हणून कुंडात निर्माल्य, प्लास्टिक टाकू नका. हेच पाणी पुढे कृष्णाकाठच्या गावांत नळाला येतं.