मोटारीचा टायमिंग बेल्ट व तो बसविण्याची रीत

मोटारगाडी ही आता केवळ शहरातील धनिकांची मिरास राहिलेली नाही. घोडेगावहून शिनोलीवरून डिंभे व भीमाशंकर यांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तरी नव्याजुन्या कितीतरी गाड्या दृष्टीस पडतात. त्यांपैकी पुष्कळशा दुसऱ्या हाताने विकत घेतलेल्या असतात, आणि त्यांची निगा मालक घरीच राखतात. तेल बदलणे, प्लग साफ करणे ही कामे आपल्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांनी वडील माणसांच्या हाताखाली केलीही असतील. परंतु एक काम असे आहे की, त्यात एका दात्याचा फरक पडला तरी एंजिन बिघडते, आणि अधिक पडला तर कायमचे जायबंदी होऊ शकते. ते काम म्हणजे टायमिंग बेल्ट बसविणे. त्याचे मर्म काय, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एंजिनाच्या पोटात काय चालते ते पाहू. निकोलाउस ऑटो या जर्मन गृहस्थाने 1876 साली चार टप्प्यांचे एंजिन सिद्ध केले. आजच्या पेट्रोल गाड्यांचे एंजिन त्याच तत्त्वावर चालते. पिस्टन खाली येतो तेव्हा हवा व इंधन आत ओढले जाते. वर जातो तेव्हा ते दाबले जाते. मग ठिणगी पडून स्फोट होतो व पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. शेवटी तो पुन्हा वर येऊन जळका धूर बाहेर लोटतो. हवा आत घेण्याची व धूर बाहेर सोडण्याची दारे म्हणजे व्हॉल्व्ह. पिस्टनच्या हालचालीने खालचा जाड दांडा फिरतो, त्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. व्हॉल्व्ह उघडण्याचे काम वरचा दांडा करतो, तो कॅमशाफ्ट. चार टप्पे पुरे होण्यास खालच्या दांड्याचे दोन फेरे लागतात, परंतु प्रत्येक व्हॉल्व्ह तेवढ्या वेळात एकदाच उघडावयाचा असतो. म्हणून वरच्या दांड्याच्या चाकास खालच्याच्या दुप्पट दाते असतात. खालचा दोनदा फिरतो तेव्हा वरचा एकदा फिरतो. एंजिन मिनिटाला 3000 फेरे करीत असता क्रँकशाफ्ट सेकंदास 50 वेळा फिरतो, व प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदास 25 वेळा उघडतो व मिटतो. या दोन दांड्यांचा मेळ राखणारा जो दातेरी पट्टा, तोच टायमिंग बेल्ट होय.

ज्या पालकांनी लहानपणी मोट पाहिली असेल, त्यांस ही गोष्ट विशेष फोड न करता समजेल. मोटेस दोन दोर असत. जाड नाडा वरच्या चाकावरून मोट ओढी, आणि बारीक सोंदूर खालच्या कण्यावरून मोटेची सोंड धरून ठेवी. दोन्ही दोर एकाच बैलजोडीने ओढले जात, परंतु त्यांची लांबी एकमेकांशी अशी जुळविलेली असे की, मोट वर येताच सोंड नेमकी थारोळ्यात मोकळी व्हावी. सोंदूर हातभर सैल राहिला, तर सोंड मध्येच लोंबून पाणी परत विहिरीत पडे. बैलांचे श्रम तेवढेच, पाटाला मात्र पाणी नाही. शक्ती पुरेशी असूनही मेळ चुकल्याने काम फुकट जाते, हेच एंजिनाच्या बाबतीतही खरे आहे.

पूर्वी हा मेळ लोखंडी साखळीने किंवा दातेरी चाकांनी राखीत. 1962 साली जर्मनीतील ग्लास कंपनीने आपल्या 1004 या गाडीत रबरी दातेरी पट्टा वापरला, व पुढे तो अनेकांनी उचलला. तो हलका असतो, आवाज करीत नाही, व त्यास तेल लागत नाही. आपल्याकडे 1983 साली निघालेली मारुती 800, तिच्याच जातीची ओम्नी, आणि आपल्या जिल्ह्यात पिंपरी येथे तयार होऊन 1998 साली लोकांसमोर आलेली टाटा इंडिका डिझेल, या गाड्यांत असा पट्टा आहे. अलीकडच्या अनेक एंजिनांत पुन्हा साखळी आली आहे. म्हणून आपल्या गाडीत काय आहे, ते प्रथम तिच्या माहितीपुस्तकात पाहावे.

पट्ट्याच्या अंगी एक मोठा दोष आहे. साखळी झिजली म्हणजे बहुधा खडखडते, पट्टा मात्र फारशी सूचना न देता तुटतो. वरून तो काळाभोर व धडधाकट दिसला, तरी आतील धागे शिणलेले असू शकतात. म्हणून पुस्तकात जितके किलोमीटर किंवा जितकी वर्षे सांगितली असतील, त्यांपैकी जे आधी भरेल तेव्हा तो बदलावा. जुनी गाडी घेतली व पट्टा केव्हा बदलला याचा पुरावा नसेल, तर तो जुनाच आहे असे समजून चालावे. अनेक एंजिनांत, विशेषतः डिझेल एंजिनांत, वर आलेला पिस्टन व उघडा व्हॉल्व्ह यांस एकाच वेळी पुरेल इतकी जागा नसते. पट्टा तुटला किंवा चुकीचा बसला, की दोघांची टक्कर होते, व्हॉल्व्ह वाकतात, आणि काही रुपयांच्या रबरापायी सारे एंजिन उघडावे लागते.

आता प्रत्यक्ष रीत. एंजिन पूर्ण थंड असावे. गाडी सपाट जागी उभी करून चाकांस दगड लावावेत, गिअर काढून ठेवावा, आणि बॅटरीची ऋण बाजूची तार सोडावी. गाडी उचलणे भाग पडले, तर केवळ जॅकच्या भरवशावर तिच्याखाली कोणीही शिरू नये. भक्कम आधार द्यावा. मग बाहेरचे पट्टे व झाकण काढावे. पेट्रोल गाडीचे प्लग काढले, तर एंजिन हाताने हलके फिरते. क्रँकशाफ्टच्या बोल्टास पाना लावून एंजिन त्याच्या नेहमीच्याच दिशेने सावकाश फिरवावे. कॅमशाफ्टच्या बाजूने जोर लावून कधीही फिरवू नये. दोन्ही चाकांवर खुणा कोरलेल्या असतात. त्या परस्परांसमोर आणावयाच्या नसून, प्रत्येक खूण एंजिनाच्या अंगावरील आपापल्या स्थिर खुणेशी जुळवावयाची असते. कोणती खूण कोठे, हे एंजिनागणिक वेगळे असते. तेथे आठवणीवर विसंबू नये, पुस्तक उघडे ठेवावे. पुष्कळ डिझेल एंजिनांत इंधनपंपाचेही चाक याच पट्ट्यावर असते, व त्याची तिसरी खूण जुळवावी लागते.

खुणा जुळल्यावर ताण देणारी कप्पी, म्हणजे टेन्शनर, सैल करून जुना पट्टा काढावा. तो निघाल्यापासून नवा बसेपर्यंत कोणताही दांडा हलू देऊ नये. या वेळी टेन्शनर खरखरतो काय, पाण्याचा पंप किंवा तेलाची सीले गळतात काय, हे पाहावे. कारण तेल लागलेला पट्टा फार दिवस टिकत नाही. नवा पट्टा मुडपू नये, आणि त्यावर बाण असल्यास तो फिरण्याच्या दिशेकडे ठेवावा. बसविताना आधी खालच्या चाकावर घालावा. मग ज्या बाजूने खालचे चाक पट्टा आपल्याकडे ओढते, ती बाजू ताठ ठेवून वरच्या चाकावर न्यावा. आणि उरलेली सारी ढिलाई टेन्शनरच्या बाजूस आणावी. ताठ बाजूस थोडी जरी ढिलाई राहिली, तरी ताण देताच चाक सरकते व एक दाता चुकतो. एक दाता म्हणजे किती? खालच्या चाकास 20 दाते आहेत असे धरा. 360 अंशांस 20 ने भागले असता 18 अंश येतात. व्हॉल्व्ह इतका लवकर वा उशिरा उघडू लागला, म्हणजे एंजिन ओढत नाही, तापते, व इंधन अधिक खाते.

पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ताण दिल्यावर सर्वांत महत्त्वाची पायरी येते, व घाईत नेमकी तीच गाळली जाते. क्रँकशाफ्ट हाताने, पान्याने, पूर्ण दोन फेरे फिरवावा. दोनच का, हे आता विद्यार्थ्यांनी सांगावे: दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टचा एक फेरा पुरा होऊन प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो, आणि सर्व खुणा पुन्हा जागेवर याव्या लागतात. वाटेत कठीण अडथळा लागला तर जोर करू नये. तेथेच थांबून पट्टा काढावा व पुन्हा मांडणी करावी. हाताला लागलेला अडथळा काही मोडत नाही, परंतु तोच अडथळा किल्ली फिरवून स्टार्टरने ओलांडला, तर व्हॉल्व्ह वाकल्यावाचून राहत नाही. खुणा जुळल्या, की ताण पुन्हा तपासावा, बोल्ट पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावेत, आणि मगच किल्ली फिरवावी.

काही एंजिनांस दांडे रोखून धरणाऱ्या खास खिळ्या लागतात, आणि मापाने आवळण्याचा पाना प्रत्येक घरी नसतो. अशा वेळी मंचर किंवा नारायणगाव येथील जाणत्या कारागिराकडे गाडी नेणे यात कमीपणा नाही. मात्र पालकांनी तेथे उभे राहावे, आणि किल्ली फिरविण्यापूर्वी ते दोन फेरे आपल्यासमोर हाताने फिरवून दाखविण्यास सांगावे. चांगल्या कारागिरास या मागणीचा राग येणार नाही. मग झाकणाच्या आतील बाजूस तारीख व किलोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, म्हणजे पुढे ती गाडी ज्याच्या हाती जाईल, त्यास अंधारात चाचपडावे लागणार नाही.