पाठीमागचा पडदा

पॅरिसच्या रू द व्होजिरार रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, पूर्वी फोटोग्राफीची शाळा चालायची. 1950 साली 'व्होग' मासिकाने ती जागा छायाचित्रकार आयर्विंग पेनसाठी भाड्याने घेतली. हंगामाचे नवे कपडे टिपायचे होते. पेनने दिव्यांचा खटाटोप केलाच नाही. उत्तरेकडून येणारा मवाळ उजेड त्याला पुरला. मागे टांगायला एका थिएटरचा जुना पडदा मिळाला. राखाडी, डागाळलेला.

आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओंत पडद्यावर महाल, कारंजी, झालंच तर चंद्रकोर रंगवलेली असे. पेनच्या पडद्यावर काहीच नव्हतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. नजरेला दुसरीकडे जायला जागाच नाही, ती कपड्याच्या कडेवरूनच फिरते.

त्या काळी कपड्याचा सगळा जीव त्या कडेतच होता. 12 फेब्रुवारी 1947 रोजी पॅरिसचा फॅशन डिझायनर ख्रिस्तियान दिओरने पहिलं कलेक्शन दाखवलं: मुठीत मावेल अशी कंबर, भरीव नितंब, पोटरीपर्यंत उतरणारा घेरदार स्कर्ट. 'हार्पर्स बझार'च्या संपादक कार्मेल स्नो यांनी त्याला 'न्यू लूक' म्हटलं. ब्रिटनमध्ये तेव्हा कापड रेशनवर मिळत होतं, ते 1949 पर्यंत. तिथे हा घेर अनेकांच्या डोळ्यांत खुपला. असा कपडा अंगावर घालून पळता येत नाही, उभंच राहावं लागतं. पेनसमोर उभी होती मॉडेल लिसा फॉन्साग्रीव्ह्ज, स्वीडनची, नृत्य शिकलेली. मान कुठे वळवली की खांद्याची रेघ लांबते, हे तिला सांगावं लागत नसे. 1950 सालीच दोघांनी लग्न केलं.

पेनच्या हातात रोलिफ्लेक्स. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचं, त्यात डावं ते उजवं दिसतं. फिल्मच्या एका रोलवर बाराच फोटो. त्यामुळे बटण दाबण्याआधी हातमोज्याची सुरकुतीसुद्धा निरखली जाई.

त्याच जागेत, त्याच पडद्यापुढे पेनने खाटीक उभे केले, आचारी उभे केले, कामाच्या कपड्यांत, हत्यारांसकट. हीच मालिका पुढे न्यूयॉर्कमध्ये केली तेव्हा तिथले काही कामकरी दाढी करून, रविवारचा सूट घालून हजर झाले!

दुसरा छायाचित्रकार रिचर्ड अ‍ॅव्हेडन, त्याला रिकामा पडदा पुरणारा नव्हता, निदान ऑगस्ट 1955 मध्ये तरी. पॅरिसच्या सर्कस दिव्हेरमध्ये त्याने डोव्हिमा या मॉडेलला थेट हत्तींमध्ये नेलं. अंगावर दिओरचा काळा गाऊन, तरुण इव्ह सेंट लॉराँने आखलेला. कमरेला लांबलचक पांढरा पट्टा. हत्तींची सुरकुतलेली कातडी आणि तिची गुळगुळीत कांती ही विसंगती सगळ्यांना दिसते. हत्तींच्या पायांतल्या साखळ्या मात्र सावकाश पाहिल्यावरच दिसतात. अ‍ॅव्हेडनचं स्वतःचं दुखणं वेगळंच: पट्टा डावीकडे उडायला हवा होता, ही हळहळ त्याने पुढे बोलून दाखवली.

मग मागचा पडदा पार उडालाच. 1960 साली छायाचित्रकार विल्यम क्लाइनने रोममध्ये दोन मॉडेलना झेब्रा क्रॉसिंगवरून ये-जा करायला लावलं आणि स्वतः लांब पल्ल्याची लेन्स लावून दूर थांबला. पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख, पायाखाली पट्ट्यापट्ट्यांचाच रस्ता, मधूनच जाणारी माणसं. दोन वर्षांनी छायाचित्रकार डेव्हिड बेली मॉडेल जीन श्रिम्प्टनला घेऊन न्यूयॉर्कच्या फुटपाथवर उतरला, हातात 35 मिलिमीटरचा हलका कॅमेरा. कपडेही हलके झाले होते. श्रिम्प्टनच्या हातात काही फोटोंत टेडी बेअर आहे. दिओरच्या गाऊनसोबत तो केविलवाणा दिसला असता.

पेनने मात्र आपला पडदा टाकला नाही, आयुष्यभर वापरला. 2017 साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्याच्या जन्मशताब्दीचं प्रदर्शन भरलं, तेव्हा फोटोंबरोबर तोही मांडला होता.