'ॲक्सेस डिनाइड' आलं? 'एव्हरीवन'ला परमिशन देण्याआधी हे चार मुद्दे तपासा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

तर विषय रोजचाच. ऑफिसच्या फाइल सर्व्हरवर अकाउंट्सचं फोल्डर आहे. नवीन सहकारी त्यावर क्लिक करतो आणि समोर येतं 'ॲक्सेस डिनाइड'. त्यात मार्च एंड, साहेब मागे उभे! मग कुणीतरी म्हणतं, 'एव्हरीवनला फुल कंट्रोल देऊन टाक, कटकट नको.' थांबा. आधी हे बघू.

१. शेअर की एनटीएफएस?
विंडोज सर्व्हरवर शेअर केलेल्या फोल्डरला परमिशनचे दोन थर असतात. सोसायटीचं गेट आणि फ्लॅटचं दार असं समजा. शेअर परमिशन म्हणजे गेट, एनटीएफएस परमिशन म्हणजे दार. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्ही पार करावी लागतात आणि जास्त कडक असेल तीच लागू होते. शेअरवर 'रीड' आणि एनटीएफएसवर 'फुल कंट्रोल' असेल, तर फाइल फक्त वाचता येणार. सर्व्हरवरच बसून फोल्डर उघडलं, तर शेअर परमिशन मध्ये येतच नाही. म्हणून 'सर्व्हरवर तर चालतंय' हे ऐकून फसू नका.

२. ग्रुपमध्ये टाकलं, तरी उघडत नाही?
लॉग इन करताना विंडोज युजरचं एक टोकन बनवतं. त्यात त्या क्षणी तो कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे, याची यादी असते. नंतर ग्रुपमध्ये टाकलं तर जुन्या टोकनला ते कळत नाही. उपाय सोपा: लॉग ऑफ करून परत लॉग इन करा. नुसती स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही.

३. कुठे 'डिनाय' लपलंय का?
वेगवेगळ्या ग्रुपच्या परमिशन एकत्र धरल्या जातात, पण त्यांतल्या एकावर 'डिनाय' असेल तर साधारणपणे तोच जिंकतो. एक अपवाद: फाइलवर थेट दिलेला 'अलाउ' हा वरच्या फोल्डरकडून आलेल्या 'डिनाय'ला भारी पडतो.

४. फाइल कॉपी केली की हलवली?
कॉपी केलेली फाइल नव्या फोल्डरच्या परमिशन घेते. पण त्याच ड्राइव्हवर कट-पेस्ट केली, तर जुन्याच परमिशन घेऊन येते. एकाच फोल्डरमधली एकच फाइल उघडत नसेल, तर बहुधा हेच झालेलं असतं.

हे सगळं डोक्यात जुळवत बसायचं नसेल, तर फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड या वाटेने 'इफेक्टिव्ह ॲक्सेस'मध्ये जा आणि युजरचं नाव टाका. त्याला नेमकं काय करता येतं, ते दिसेल.

सर्व्हर लिनक्सवर, सांबाचा असेल तर आणखी एक गोष्ट: फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरवर 'एक्झिक्यूट' परमिशन लागते. वरचं एक फोल्डर बंद, तर आतलं सगळंच बंद.

आता, 'एव्हरीवन' का नको? पगाराची शीट सगळ्यांना दिसेल, हे तर झालंच. पण रॅन्समवेअर घुसलं, तर ते त्या युजरच्या हक्काने काम करतं. त्याला जिथे लिहिता येतं, तिथल्या फाइली ते कुलूपबंद करू शकतं. एका इंटर्नच्या लॅपटॉपवरची लागण अख्ख्या ऑफिसच्या हिशेबापर्यंत पोचायला मग वेळ लागत नाही.

म्हणून परमिशन नेहमी ग्रुपला द्या, आणि कामापुरतीच द्या. भेटू पुढच्या भागात!